फाउंडेशनला अर्ज करण्याआधी पैसे कुठल्या खात्यात येणार ते बघा

विषय ठरला आहे, मार्गदर्शकांनी होकार दिला आहे, बायोडेटा तयार आहे, हे धरून चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकीकडच्या कॉलेजात शिकवत समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्रात संशोधन करणाऱ्या आणि त्यासाठी फाउंडेशनकडे, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. अर्ज लिहायला बसू नका. आधी कॉलेजच्या ऑफिसात जा आणि विचारा: परदेशातून पैसे आले तर ते घ्यायची परवानगी आपल्या संस्थेला आहे का? एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आहे का, तिची मुदत कधीपर्यंत आहे, प्रमाणपत्राची झेरॉक्स मिळेल का? ‘असणारच की सर’ हे उत्तर धरू नका, झेरॉक्स हातात घ्या. आमच्या एका प्रकल्पाचा मंजूर झालेला निधी या एका कागदापायी परत गेला.

नोंदणी बहुधा कॉलेजच्या नावावर नसते, ते चालवणाऱ्या मंडळाच्या नावावर असते. अर्जात तेच नाव, त्याच स्पेलिंगने जायला हवं. २०१४ साली बेळगाव शहराचं सरकारी नाव बदललं. जुन्या प्रमाणपत्रावर ‘बेळगाव’ आणि नव्या लेटरहेडवर ‘बेळगावी’ असेल तर दोन्ही एकच, असं मंडळाचं पत्र आधीच जोडा. एफसीआरए कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. ते खाते संस्थेने उघडलं आहे का, हेही विचारा. आणि ‘ओळखीच्या एनजीओच्या खात्यात घेऊ, मग ते आपल्याला देतील’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी देणगी दुसरीकडे वळती करणं बंद केलं आहे.

नोंदणी नसेल तर एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण तिला वेळ लागतो. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं (देशाच्या महालेखापरीक्षकांचं) ऑडिट सक्तीचं असलेल्या संस्थांना सूट आहे. विद्यापीठात असाल तर आपण त्यात बसतो का, हे वित्त अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. तोंडी नको.

हे झाल्यावरच फाउंडेशन निवडा. अमेरिकेतलं स्पेन्सर फाउंडेशन शिक्षणावरच्या संशोधनाला छोट्या अनुदानात ५०,००० डॉलरपर्यंत देतं, पण मुख्य संशोधक पीएचडी झालेला किंवा शिक्षण-संशोधनाचा योग्य अनुभव असलेला लागतो आणि पैसे व्यक्तीला न देता संस्थेला देतात. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: संस्थेचं खाते आहे का? वेनर-ग्रेन फाउंडेशन मानवशास्त्रासाठी आहे, पीएचडीच्या फील्डवर्कलाही देतं. हिंसेवर काम असेल तर हॅरी फ्रँक गुगेनहाइम फाउंडेशन. रसेल सेज फाउंडेशनचं नाव मोठं आहे, पण त्यांचा भर अमेरिकेच्या प्रश्नांवर आहे; तिथे वेळ घालवू नका. देशातल्यांमध्ये बेंगळूरचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कला आणि संस्कृतीवरच्या संशोधनासाठी भारतीय भाषांतले अर्जही घेतं, आपल्याकडच्या भजनी मंडळांवर, यल्लम्माच्या जोगत्यांवर काम करणाऱ्यांनी ते जरूर बघावं. न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारतावरच्या पुस्तकासाठी फेलोशिप देतं. त्यांच्या अनुवाद फेलोशिपमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत.

बजेट नीट करा, इथे लोक फार घाई करतात. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईची मुलाखत घ्यायची तर ती सूप मांडीवरून खाली ठेवणार नाही. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, हे चालूच राहतं, कारण मजुरी हजारावर आहे. तिचा हात थांबला तर तिचे पैसे बुडतात, म्हणून भरपाई बजेटमध्ये धरा आणि का धरली ते दोन ओळींत लिहा. रेकॉर्डिंगमध्ये कात्रीचा आवाज येतच राहतो, ते उतरवून घ्यायला दुप्पट वेळ लागतो. त्याचीही मजुरी धरा. एकाच घरात सासू मराठी आणि सून कन्नड बोलते, म्हणून उतरवणारी माणसं दोन्ही भाषांची हवीत. संस्थेचा वाटा (ऑफिस, वीज, हिशेब अशा खर्चासाठी संस्था अनुदानातून घेते तो, ओव्हरहेड) किती हेही आधीच विचारा. स्पेन्सरच्या छोट्या अनुदानात तो मिळत नाही, वेनर-ग्रेनही देत नाही, आणि ऑफिसला हे मंजुरीनंतर कळलं की सही अडते.

संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत हवं, आणि वाचून दाखवायची सोय हवी. सीमाभागात पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही समितीचे की सरकारचे?’ (समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती.) त्याचं खरं आणि सरळ उत्तर संमतीपत्रातच लिहा. पैसे कोणाचे आहेत तेही लिहा, लोकांना जाणून घ्यायचा हक्क आहे. संशोधनात लोकांशी नीट वागलं जातंय ना हे तपासणारी एथिक्स कमिटी कॉलेजात नसेल तर विद्यापीठात चौकशी करा.

सह्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. १ नोव्हेंबरला इथे कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची निषेध फेरीही, त्या सुमारास मुदत संपत असेल तर ऑक्टोबरच्या मध्यालाच प्राचार्य आणि मंडळाच्या सचिवांकडे जा. जाताना एफसीआरएची झेरॉक्स पुन्हा मागा. हो, पुन्हा. मधल्या काळात मुदत संपलेली असू शकते, नोंदणी पाचच वर्षांची असते.

अमेरिकन मुदत त्यांच्या घड्याळाने असते. त्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी भरा.

मंजुरी आली की पत्र आधी अकाउंट्सला दाखवा, मग पेढे. बिलं जपा, वेगळी फाइल ठेवा. परदेशी पैशाचं वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत संस्थेने भरायचं असतं, भरलं का ते विचारा. प्रकल्प चालू असताना नोंदणीची मुदत संपणार असेल तर नूतनीकरणाचा अर्ज शेवटच्या सहा महिन्यांत करायचा असतो. ती तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर आजच लिहून या.