आधी ते छोटं पाकीट घ्या: दहा टक्क्यांची बेल्जियन बिअर घालण्याची तयारी

तयारीची यादी माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, सुरू करायची पद्धत आहे. मी करणार नाही. माझ्या यादीत पहिलं नाव आहे बाटल्या भरायच्या दिवशी घालायच्या कोरड्या यीस्टच्या पाकिटाचं. हो, तो दिवस यायला अजून चार महिने आहेत. तरी पाकीट आजच घ्या. दोन-चार युरोंची वस्तू, हातात घेतली तर वजनही लागत नाही, आणि तिच्यावाचून माझ्या मागच्या ५२ बाटल्या फुकट गेल्या.

फुकट गेल्या म्हणजे नासल्या नाहीत. नासल्या असत्या तर निदान ओतून तरी दिल्या असत्या. सप्टेंबरात मी क्वाड्रुपेल, म्हणजे मठांतली जोरदार गडद बिअर, घातली होती, वेस्टफ्लेटेरेन मठाच्या ‘१२’ च्या वाटेने जाणारी. ती १०.२ टक्क्यांची, माझीही हिशेबाने तेवढीच. तीन महिने तळघरात थंडीत मुरवली, जानेवारीत साखर घालून बाटल्यांत भरली आणि फेब्रुवारीअखेर चार मित्रांना जेवायला बोलावलं. मटण झालं होतं, ग्लास धुऊन-पुसून मांडले होते. पहिलं झाकण काढलं. आवाज नाही. वाटलं, हीच एक बाटली तशी असेल. दुसरी उघडली, तिसरी उघडली. फस्स नाही, फेस नाही, ग्लासात गडद तपकिरी पाणी शांत उभं. एकजण घोट घेऊन म्हणाला, ‘खोकल्यावर चांगलं आहे.’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या फ्लेमिश आजोबांना एक बाटली नेऊन दिली. त्यांनी चव घेतली, मान हलवली, चव उत्तम आहे म्हणाले, आणि एवढंच विचारलं की बाटलीत कुठलं यीस्ट घातलंस? मी म्हटलं, यीस्ट तर होतंच की आत. ते हसले.

आत होतं, पण कुठल्या अवस्थेत? दहा टक्के अल्कोहोलमध्ये, आठ-दहा अंशांच्या तळघरात तीन महिने बसलेलं. बहुतेक सगळं तळाला गेलेलं, ते मी काढून टाकलेलं, आणि जे चार कण वर तरंगत राहिले त्यांच्यात जीव नव्हता. साध्या पाच टक्क्यांच्या बिअरला हे चालतं. ती दोन-तीन आठवड्यांत भरतात, यीस्ट ताजंतवानं असतं, साखर घातली की गॅस धरते. आपल्याला ते जमणार नाही. फ्रिजच्या तळाशी महिनाभर पडलेल्या आंबट दह्याचं विरजण लावल्यासारखं आहे हे. इथल्या बाटल्यांच्या लेबलावर ‘बाटलीत पुन्हा आंबवलेली’ असं सरळ लिहिलेलं असतं. मी इथे बेल्जियममध्ये, अँटवर्पला, सहा वर्षं ते वाचत होतो. वेस्टमालेच्या मठात भरताना नव्याने यीस्ट आणि साखर घालतात, ड्यूव्हेल बिअरवालेही घालतात. मी शहाणा, मला गरज वाटली नाही.

म्हणून: पाकीट. दुकानातला माणूस विचारेल की कशासाठी हवंय. सांगा, बाटलीतल्या आंबवणीसाठी, आणि दहा टक्क्यांत टिकणारं. फर्मेंटिसचं एफ-२ किंवा लालेमांचं सीबीसी-१ मिळालं तर घ्या, नाही तर शॅम्पेनचं यीस्टही चालतं. मुदतीची तारीख बघा, ती भरायच्या दिवसाच्या पुढची हवी. आता बाकीचं.

मुख्य यीस्ट. द्रवरूप घेणार असाल तर वेस्टमालेच्या घराण्यातलं घ्या, वायीस्टचं ३७८७ किंवा व्हाइट लॅब्जचं ५३०. वेस्टफ्लेटेरेनही आपलं यीस्ट वेस्टमालेहूनच आणतं, तेव्हा घराणं एकच. पण एक पाकीट पुरणार नाही. २० लिटर बिअर, सुरुवातीची घनता (पाण्याची १ धरून) १.०९० च्या आसपास, म्हणजे तीनशे अब्जांवर पेशी लागतात आणि ताज्या पाकिटात शंभरेक अब्ज असतात. बिअर घालायच्या दोन दिवस आधी दोन लिटर पाण्यात २०० ग्राम माल्टची पावडर उकळून, गार करून, त्यात ते वाढवायला ठेवा. अधूनमधून भांडं हलवा. ‘आदल्या रात्री करतो’ म्हणाल तर झोपेत वाढणार नाही ते. हा कंटाळा असेल तर कोरड्या अ‍ॅबी यीस्टची दोन पाकिटं घ्या. आणि कृपा करून त्या दोनातलं एक ‘बाटल्यांसाठी ठेवू’ असा विचार करू नका. दोन्ही आज जायची आहेत. बाटल्यांचं वेगळं.

माल्ट सात किलो, त्यातलं साडेसहा पिल्सनर, उरलेलं म्युनिक. बस. मागच्या खेपेला मी हे बरोबर केलं होतं, त्याच्या मागच्या खेपेला नव्हतं. तेव्हा रंग यावा म्हणून भाजकी माल्टं घातली आणि कॉफी प्यायल्यासारखं झालं. बऱ्याच मठांच्या गडद बिअरींचा रंग साखरेतून येतो, माल्टमधून नाही. दळून घ्या, दुकानात दळून देतात. घरी मिक्सरवर करू नका, पीठ होतं आणि मग चाळणीतून थेंब उतरत नाही.

साखर. इथे दुकानदार पांढरे स्वच्छ खडे दाखवेल, कँडी साखर म्हणून. ती आपली खडीसाखर, दुसरं काही नाही. ‘कँडी’ हा शब्दसुद्धा आपल्याच ‘खंड’ला अरबस्तानमार्गे युरोप दाखवून आणलेला. गणपतीच्या प्रसादाला जी पुडी येते ती महाग करून विकतात. टाळा, यीस्टला साध्या साखरेत आणि तिच्यात फरक कळत नाही. मात्र गडद सिरप घ्याच, मनुका, खजूर, जळक्या साखरेचा वास त्यातून येतो. अर्धा किलो सिरप, अर्धा किलो घरातली साखर. साखर का घालायची हा प्रश्न लोक विचारतात, स्वस्तात नशा वाढवायला का म्हणून. तसं नाही. साखर पूर्ण आंबते, मागे गोडवा ठेवत नाही, त्यामुळे दहा टक्क्यांची बिअर अंगाने हलकी राहते. नुसत्या माल्टची एवढी जोरदार बिअर केली तर ती पाकासारखी दाट होते, दुसरा ग्लास जात नाही.

आणि ही साखर उकळताना घालू नका. आंबायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, थोड्या पाण्यात उकळून, गार करून घाला. यीस्टला आधी सोपी साखर मिळाली की माल्टमधल्या माल्टोजकडे बघायला ते तयार होत नाही. जेवणाआधी श्रीखंड वाढलं की मुलं भाजीला हात लावत नाहीत, तेच.

भांडं तीस लिटरांचं हवं. सात किलो माल्ट वीस लिटर पाण्यात भिजवलं की पंचवीस लिटरांच्या जवळ जातं. आधी नुसत्या पाण्याने मोजून बघा, गरम खळ ओट्यावरून पायावर आल्यावर नको. ६५ अंशांवर दीड तास ठेवा, ६८ वर गेलात तर शेवटी गोडवा राहतो. माल्ट किलोमागे लिटरभर पाणी स्वतःकडेच ठेवून घेतं, तेव्हा धुवायचं पाणी वेगळं तापवून ठेवा. चोथा शेजारच्या आजोबांच्या कोंबड्या खातात. तुमच्याकडे कोंबड्या नसतील तर ओल्या कचऱ्याचा डबा रिकामा आहे का बघा, सात किलोचा कोरडा माल फुगून केवढा होतो ते बघून मी पहिल्यांदा घाबरलो होतो. उकळी नव्वद मिनिटं, पिल्सनर माल्टला साठ पुरत नाहीत, उकडलेल्या मक्याचा वास राहतो. हॉप्स, म्हणजे कडवटपणाची फुलं, बेताने, ही काही कडू आयपीए बिअर नाही.

हवा. उकळलेल्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या रसात, प्राणवायू उरत नाही आणि एवढ्या घट्ट रसात यीस्टला तो जास्तच लागतो. गार झाल्यावर बादली जीव तोडून हलवा, दहा मिनिटं तरी. छोटी ऑक्सिजनची नळकांडी मिळते ती असेल तर उत्तम. गार झाल्यावर म्हटलंय. गरम असताना हलवू नका.

आंबवायची बादली तीसची, रस वीस. वरची दहा लिटर जागा रिकामी वाटते, पण दुसऱ्या दिवशी तिथे फेस असतो. झाकणातला नेहमीचा एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी छोटी नळी) काढून जाड नळी लावा, तिचं टोक पाण्याच्या बरणीत. नाही तर छत रंगवायचा खर्च धरा. तापमान १८ वर सुरू करा, तीन दिवस तिथेच धरा, मग वाढू द्या, २४ पर्यंत. सुरुवातीलाच तापलं तर केळ्याच्या वासापाठोपाठ डोकेदुखीही येते. आणि एकदा चढलेलं तापमान मध्येच उतरू देऊ नका. ऑक्टोबरात रात्री हीटर बंद करायची सवय असेल तर बादलीभोवती जुनी रजई गुंडाळा. यीस्टला थंडी वाजली की ते तळाशी जाऊन बसतं आणि १.०३० वर बिअर अडकते.

घनता मोजायला हायड्रोमीटर, आणि एक जादा, तो फुटतोच. १.०९० वरून १.०१२ वर आली की वजाबाकी गुणिले १३१.२५, सव्वादहा टक्के. रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश बघून साखर मोजणारं यंत्र) शेवटचं माप घेऊ नका, अल्कोहोलमुळे तो चुकीचं दाखवतो.

थांबून एक गोष्ट. हे वाचणाऱ्यांत पुण्या-मुंबईचेही असतील. इथे बेल्जियममध्ये घरच्यापुरती करायला मोकळीक आहे, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू गाळणं-आंबवणं गुन्हा आहे. तिथे वाचा आणि सोडून द्या.

बाटल्या. आधीपासून जमवायला लागा, ऐनवेळी पन्नास मिळत नाहीत. जाड काचेच्या, परत घेतात त्या प्रकारच्या. एकदाच वापरायच्या पातळ बाटल्या नकोत, या बिअरचा गॅस त्या सोसत नाहीत आणि तळघरात काच वेचत बसावं लागतं. वेस्टफ्लेटेरेनच्या जुन्या बाटल्या सगळ्यांत सोयीच्या, त्यांना कागदी लेबलच नसायचं, भिजवून खरवडायचं काम वाचतं. मोठ्या शॅम्पेनसारख्या बाटल्या घेतल्यात तर त्यांतल्या बऱ्याचशांना २९ मिलिमीटरचं झाकण लागतं, नेहमीचं २६ चं बसत नाही. झाकण दाबायचं यंत्र दोन्ही मापांचं आहे का ते आज बघा.

इथून पुढचं तुम्हाला माहीत असेलच, आणि मलाही कंटाळा आलाय. दोन-तीन आठवड्यांत आंबणं थांबतं. तीन दिवसांच्या अंतराने घनता दोनदा सारखी आली की वरची बिअर दुसऱ्या भांड्यात, तळघरात, दोन-तीन महिने. उघडून बघत बसू नका. भरायच्या दिवशी सगळं निर्जंतुक, नळीसकट. लिटरमागे ८ ग्राम साखर, उकळून गार केलेली.

आणि पाकीट. साखर घातली, आता पाकीट. दोन ग्राम पुरतं, चहाचा अर्धा चमचा, उकळून कोमट केलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, मग भांड्यात, आणि स्वच्छ चमच्याने हळू ढवळून. कोरडे दाणे थेट बाटलीत टाकू नका. ते मी मार्चमध्ये करून बघितलं, त्या गोड बाटल्या वाचवायला. ४४ झाकणं काढली, प्रत्येकीत चार दाणे. आठ-दहा बाटल्या तोंडाला फेस येऊन भिंतीवर गेल्या, काही धड झाल्या, काहींत हवा शिरून ओल्या पुठ्ठ्याची चव आली. कुठली कशी निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, अजूनही नाही.

झाकणं दाबली की बाटल्या २२ अंशांच्या खोलीत तीन आठवडे. तळघरात नाही. मग तळघरात, हवं तितकं. ओतताना तळाचा गाळ बाटलीत राहू द्या.

या वेळचं पाकीट मी जुलैमध्येच आणून फ्रिजच्या दारात ठेवलं होतं, कोथिंबिरीच्या चटणीशेजारी. गेल्या रविवारी घरात ताजे पाव झाले होते. चांगले फुगले होते, मी चार खाल्ले, आणि मग विचारलं की यीस्ट कुठून आणलं. सोमवारी दुकानात जाऊन दोन पाकिटं आणली. एक फ्रिजमध्ये आहे, एक माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.