समुपदेशकाकडे आधी आईवडिलांनी जावं

मूल दार लावून बसतं, उलट बोलतं, रात्री दोनपर्यंत मोबाईल चालू असतो. मग एका शनिवारी आईवडील त्याला गाडीवर बसवतात, "जरा एका काकांना भेटून येऊ" म्हणतात आणि समुपदेशकाच्या दारात उभं करतात. पाटी वाचली की ते मूल तिथेच मिटतं. पुढचा पाऊण तास "हो", "नाही", "माहीत नाही" यापलीकडे गाडी सरकत नाही, आणि घरी सगळ्यांचं एकमत होतं की समुपदेशनाने काही होत नाही.

घरात ताण असेल तर पहिल्या भेटीला आईवडिलांनी जावं, मुलाला न घेता, आणि शक्यतो दोघांनी. मूल आठवड्यातला एक तास समुपदेशकासमोर बसणार आणि उरलेला सगळा वेळ घरात राहणार, म्हणून जे बदलायचं ते मोठ्यांच्या हातून बदललं तरच टिकतं. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर बरंचसं काम आईवडिलांबरोबरच होतं.

जाण्याआधी दोन आठवडे एक वही लिहा. पानावर चार रकाने आखा: केव्हा, त्याच्या जरा आधी काय झालं, मुलाने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं. एक नोंद साधारण अशी दिसते:

"मंगळवार, रात्री ९.४०. बाबा दुकानातून आले. चपला काढता काढता टेस्टचे मार्क विचारले. तो ताटावरून उठून खोलीत गेला. आई दार वाजवत राहिली. आजी म्हणाली, राहू दे गं, मी नेऊन देते. जेवण खोलीत गेलं, मोबाईलही तिथेच."

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. वरच्या नोंदीत एका घरात तीन मोठी माणसं आहेत आणि तिघांचे तीन कायदे आहेत. मुलाला ताटावरून उठल्याचं बक्षीसच मिळालं, जेवण आणि मोबाईल दोन्ही खोलीत. हे समुपदेशकाला दहा मिनिटांत कळतं, पण वही नसेल तर कळायला तीन भेटी जातात. वहीत "आळशी", "हट्टी", "तिच्या मामावर गेलाय" असं लिहू नका. डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहा. वही मुलापासून लपवून ठेवावी लागेल अशा भाषेत तर मुळीच लिहू नका, कारण ती कधीतरी त्याच्या हाती लागतेच.

कोणाकडे जायचं हा पुढचा प्रश्न. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक बिनसंकोच विचारा, चांगला माणूस रागवत नाही. "समुपदेशक" ही पाटी मात्र थोडंसं शिकलेला माणूसही लावतो, म्हणून शिक्षण कुठे आणि किती झालं ते विचारायलाच हवं. एका बैठकीत फरक पडेल असं सांगणारा, दुसऱ्या घरांच्या गोष्टी तुमच्यापुढे उघड करणारा किंवा पहिल्याच दिवशी महागडं पॅकेज पुढे करणारा भेटला, तर परत जाऊ नका.

इंदूरमध्ये एमवायच्या, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या मनोविकार विभागात ओपीडी आहे, आणि बाणगंगेला सरकारी मनोरुग्णालय आहे. बाणगंगा म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात. पण झोप उडालेली आई, दारू सुटत नसलेले वडील, परीक्षेच्या धसक्याने उलट्या करणारं मूल, यांच्यासाठीही तिथे डॉक्टर बसतात. बाहेर पडायची तयारी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आणि चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. मूल सीबीएसईच्या शाळेत असेल तर शाळेत समुपदेशक असणं बंधनकारक आहे. वर्गात काय चाललंय ते त्यांच्याकडून कळतं, मात्र आपण सांगितलेलं वर्गशिक्षकांपर्यंत किती जाणार ते आधीच विचारून घ्या.

भाषेचा मुद्दा इंदूरच्या मराठी घरांत फार नाजूक आहे. आजीशी मराठी, मित्रांशी हिंदी, अभ्यास इंग्रजीत. चिडलं की मूल हिंदीत बोलतं आणि आजीला ते उद्धटपणाचं वाटतं. "तू", "तुम" आणि "आप" यांवरून अर्धं भांडण पेटतं. मूल ज्या भाषेत भांडतं त्याच भाषेत त्याला समुपदेशकाशी बोलू द्या. आजीआजोबांना बोलवायचं ठरलं तर समुपदेशकाला मराठी समजतं का ते फोनवरच विचारा, आणि दुभाष्याचं काम मुलाला देऊ नका. स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच्या तोंडाने भाषांतर करून सांगणं कोणत्याही पोराला झेपत नाही.

पहिली भेट पाऊण ते एक तासाची असते. घरात कोण कोण आहे, हे कधीपासून चाललंय, त्याच सुमारास काय बदललं (घर, शाळा, नोकरी, एखादा मृत्यू), झोप, भूक, आजार, औषधं हे सगळं विचारतात. दोघांशी वेगवेगळं बोलायला सांगितलं तर संशय घेऊ नका. तुम्हीही तीन गोष्टी विचारा: साधारण किती भेटी लागतील, फी किती, आणि मूल जे बोलेल त्यातलं आम्हाला काय सांगणार. साधारणपणे मुलाचं बोलणं गुप्त राहतं. जिवाला धोका असेल तर गुप्तता बाजूला ठेवली जाते, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. एवढं सोडून बाकी विचारू नका. मूल बाहेर आल्यावर पायऱ्या उतरता उतरता "काय काय विचारलं रे?" हा एक प्रश्न महिन्याभराचं काम पाण्यात घालतो.

मुलाला न्यायची वेळ आली की रविवारी पोहे झाल्यावर, पाहुणे नसताना, दोघांनी बसून सांगा: "आपलं बोलणं हल्ली भांडणावरच संपतं. आम्हाला काय करावं सुचेना, म्हणून आम्ही दोनदा जाऊन आलो. आता त्यांना तुझी बाजू ऐकायची आहे. एकदा ये, पुढचं तू ठरव." आधी तुम्ही गेला होता, हे ऐकून मुलाचा चेहराच बदलतो. नाही म्हणालं तरी तुमच्या भेटी थांबवू नका.

समुपदेशक एखादा नियम ठरवून देईल, समजा रात्री साडेदहाला सगळ्यांचे मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, बाबांचाही. आता सावध राहा, कारण पहिले काही दिवस आरडाओरडा वाढतो. आजवर ओरडून मिळत होतं, ते बंद झालं की मूल आणखी जोरात ओरडून बघतं. चौथ्या दिवशी कोणी पाघळलं, तर चार दिवस ओरडलं की मिळतं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं आणि पुढच्या वेळी ते पाच दिवस ओरडतं. म्हणून एका वेळी एकच नियम घ्या, आणि आजीला विश्वासात घेतल्याशिवाय सुरूच करू नका.

नवराबायकोत हिंसा असेल तर ही वाट लागू नाही. मारणाऱ्याशेजारी बसून मार खाणारी खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर भोगते. तिने एकटीने जावं, १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावं. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००. वेगळं व्हायचं नक्की झालं असेल तर मुलाला दोघांनी एकत्र सांगा, "आमचं पटत नाही, यात तुझी काही चूक नाही," आणि कुठे राहायचं, शाळा तीच का, आजी कधी भेटणार हे ठरवूनच बोला. एकाचे निरोप दुसऱ्याकडे मुलाच्या हातून पाठवू नका.

मरणाची भाषा, हातावर ब्लेडच्या खुणा, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, यांपैकी काही दिसलं तर वही बाजूला ठेवा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मुलाला एकटं सोडू नका, औषधं, उंदीर मारायचं विष, ॲसिड कुलपात टाका, आणि १४४१६ ला फोन करा. त्याने काही घेतलं असेल तर थेट एमवायच्या इमर्जन्सीत न्या किंवा ११२ फिरवा. मूल हरवलं असेल किंवा त्याला कोणी छळत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सहाव्या भेटीच्या आसपास वहीचं पहिलं पान काढा. भांडण पूर्वी तासभर चालायचं, आता वीस मिनिटांत संपतं, ताट आठवड्यातून चार दिवस बाहेर येतं, एवढा फरकही पुष्कळ आहे. काहीच फरक नसेल तर समुपदेशकाला तसं स्पष्ट सांगा. पद्धत बदलायची का, मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं का, हे त्यांनाच विचारा. दुसरीकडे जायचं ठरलं तर तीच वही बरोबर न्या, म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.