एआयकडून फाईल सिंक टूल लिहून घ्यायचंय? आधी हे ठरवा

माझं काम लातूरच्या दुकानातल्या पीसीवर अन् औशाला घरी लॅपटॉपवर, दोन्हीकडं एकच फोल्डर पाहिजे म्हणून हे सिंक टूल, म्हणजे दोन्हीकडच्या फाईली सारख्या ठेवणारा प्रोग्राम, एआयकडून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहून घेतलं. कोड तो लिहितो पण नियम आपणच ठरवायचे.

एकदम "सिंक टूल बनव" म्हणू नका. आधी कागदावर मांडा, एकच फाईल दोन्हीकडं बदलली तर काय? मी दोन्ही ठेवतो, दुसरीच्या नावात तारीख घालून. डिलीटचं तर लई महत्त्वाचं, मागच्या सिंकची यादी एसक्यूलाईटमध्ये (एकाच फाईलीत मावणारा छोटा डेटाबेस) ठेवायला सांगा, नाहीतर फाईल इकडं नवीन आली का तिकडं काढून टाकली हे टूलला कळतच नाही अन् काढलेली फाईल परत उगवते.

फाईल कधी बदलली त्या नुसत्या वेळेवर विसंबू नका, फॅट32 फॉरमॅटच्या पेनड्राईव्हवर बदलाची वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यानं नोंदली जाते, शंका आली की एसएचए-256 हॅश, म्हणजे फाईलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, ताडायचा.

आता लाईट. आमच्याकडं कॉपी चालू असतानाच गेली अन् एक पीडीएफ अर्धीच राहिली, उघडेना. तेव्हा एआयला असं सांगितलं: "आधी त्याच फोल्डरात टेंपररी नावानं कॉपी कर, हॅश जुळला तरच खरं नाव दे." तेव्हापासून अर्धवट फाईल दिसली नाही.

कोडमधल्या प्रत्येक बदलाआधी गिट कमिट करा (म्हणजे कोडची तेव्हाची प्रत नोंदवून ठेवा, बिघडलं तर मागं जाता येतं), टेस्ट, म्हणजे टूल बरोबर चालतं का हे तपासणारा कोड, एआयलाच लिहायला लावा पण वाचा स्वतः. पहिले काही दिवस ड्राय रनच, म्हणजे काय करणार तेवढंच छापायचं, अन् तेही खोट्या फाईलींच्या फोल्डरवर.