घराण्याचे मूळ शोधताना : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांनी या चुका टाळाव्यात

आमच्या घरात पणजोबांविषयी एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते : "आपण बेळगाव जिल्ह्यातलेच, घाटाकडच्या गावातून कॅम्पात कामाला आलो." या वाक्यावर विसंबून मी दोन वर्षे बेळगाव आणि खानापूर या दोन तालुक्यांतील जमिनीचे जुने उतारे धुंडाळत राहिलो आणि हाती काहीही लागले नाही. वाक्य खरे होते. चूक माझी होती. पणजोबांचे गाव चंदगड तालुक्यातले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका त्यातून वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. मी आजचा नकाशा समोर ठेवून पणजोबांच्या काळातले गाव शोधत होतो.

सीमाभागात ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिचे पदर अनेक आहेत. बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांत "धारवाड" दिसले म्हणून कागद बाजूला सारू नये. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग आहे, पण ते सांगली संस्थानात होते. रायबाग कोल्हापूर संस्थानात होते. सांगली १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणून एखाद्या शहापूरच्या विणकर घराण्याने फक्त इंग्रजी अमलाखालच्या बेळगावची दप्तरे पाहिली, तर त्याला आपला पूर्वज सापडणार नाही. शोधाची सुरुवात करण्यापूर्वी एका कागदावर गावाचे नाव लिहावे आणि ते १८१८ पूर्वी, १९४८ पर्यंत, १९५६ पर्यंत आणि त्यानंतर कोणत्या तालुक्यात, कोणत्या सत्तेखाली होते हे नोंदवावे. एवढ्या एका कामाने पुढचे निम्मे हेलपाटे वाचतात.

दुसरी चूक सनांची. मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदावर "सन १२८६" दिसले की माणूस गोंधळतो किंवा ते शके समजून इसवी सन १३६४ पर्यंत मागे जातो. तो बहुधा फसली सन, म्हणजे जमीन-महसुलाच्या हिशेबाचे वर्ष असतो. आपल्याकडच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे साल १८७६, थोरल्या दुष्काळाचे. शके असेल तर ७८ मिळवावेत. पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन, ही तेव्हाची आणखी एक कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो : "खमस अर्बैन मया व अलफ" म्हणजे पाच, चाळीस, शंभर आणि हजार, एकूण ११४५, त्यात ५९९ मिळवले की १७४४ येते. या सर्व बेरजांत वर्षारंभाच्या फरकामुळे एक वर्ष पुढेमागे होऊ शकते, तेवढी जागा मनात ठेवावी. "प्लेगात आलो", "दुष्काळात आलो" ही घरातली वाक्येही तारीख म्हणून वापरू नयेत. प्लेगच्या साथी एकदाच नव्हे, अनेक वर्षे येत राहिल्या आणि माणसे पुन्हा पुन्हा माळावर झोपड्या टाकून राहिली.

नावांच्या बाबतीत आपण फार ताठ असतो, आणि त्याची किंमत मोजतो. एकच बाई मराठी फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदीत, लक्ष्मीबाई असते, कन्नड उताऱ्यात लक्ष्मव्वा होते आणि शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावात लक्ष्मी एवढेच उरते. परशराम, परशुराम आणि परसू हा एकच माणूस असू शकतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सुटे लिहिलेले नसतात, त्यामुळे नाव आणि आडनाव कुठे तुटते हेसुद्धा वाचणाऱ्याने ठरवलेले असते. म्हणून मोडी वाचकाकडून केवळ आपल्या नोंदीचा उतारा करून घेऊ नये. संपूर्ण पानाची प्रत घ्यावी. शेजारच्या नोंदींतील जमिनीचे नंबर, भाऊबंदांची नावे आणि दप्तर लिहिणाऱ्या गावच्या कुलकर्ण्याचे हस्ताक्षर यांच्या आधारानेच शंकेची जागा सुटते. "कर" प्रत्ययाच्या आडनावाबद्दलही असेच. येळ्ळूरमध्ये राहणाऱ्याला कुणी येळ्ळूरकर म्हणत नाही. ते नाव गाव सोडल्यावर दुसऱ्या गावाने दिलेले असते. त्यामुळे मूळ गावातल्या कागदात ते आडनाव शोधणे बहुधा व्यर्थ असते. तिथे पाटील, गावडा, सुतार अशी वतनाची वा व्यवसायाची ओळख किंवा केवळ बापाचे नाव सापडते.

आता हेळव्याविषयी, कारण आपल्या भागाजवळ असलेला हा ठेवा आपण डोळ्यांदेखत हरवू देत आहोत. सुगी झाली की बैल घेऊन येणारा, दारात बसून घराण्याची वंशावळ म्हणणारा आणि धान्य घेऊन जाणारा हेळवी बेळगाव आणि कोल्हापूर भागातल्या जुन्या माणसांना आठवतो. शहरात गेलेल्या कुटुंबांचा समज असा असतो की तो आता येत नाही. खरे तर तो आपल्या शहरातल्या घरी येत नाही, कारण त्याचा हक्क मूळ गावाशी आणि तिथल्या भाऊबंदांशी बांधलेला आहे. त्यासाठी सुगीनंतर गावी जावे, कोणता हेळवी कोणत्या घराण्याचा आहे हे भावकीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि त्याचा मान ठेवून, योग्य ते देऊन, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. त्याला मध्येच थांबवून "आमची शाखा तेवढी सांगा" म्हणणे ही मोठी चूक आहे. गाव सोडून गेलेल्या माणसाचा धागा अनेकदा त्याच्या चुलत्याच्या शाखेत सापडतो. त्याचे सांगणे कन्नडमध्ये आहे म्हणून ते आपले नव्हे, असे मानणे ही त्याहून मोठी चूक. मात्र सर्वांत जुन्या पिढ्या दैवी मूळपुरुषापर्यंत पोहोचू लागल्या की त्यांना श्रद्धेचा भाग मानावे, आणि अलीकडच्या पाच-सहा पिढ्या फेरफाराशी ताडून पाहाव्यात.

भाषेचा हा अडसर मनातला आहे आणि त्यावर मला स्पष्ट बोलावेसे वाटते. सीमावादाच्या इतक्या वर्षांनंतर आपल्या वंशावळीत कन्नड नाव निघाले की काही घरांत ते झाकले जाते. पण मराठी घरांत कन्नड माहेरच्या सुना आल्या, कन्नड घरांत मराठी मुली गेल्या, मंगसुळीच्या खंडोबाला, चिंचलीच्या मायाक्काला आणि सौंदत्तीच्या यल्लमाला दोन्ही भाषांची माणसे जातात. कुलदैवतावरून मूळ गाव ठरवतानाही त्यामुळे सावध राहावे : कुलदैवत दिशा सांगते, पत्ता सांगत नाही.

आणि बायकांना विचारावे. आमच्या घरात पुरुषांनी जपलेले वाक्य "बेळगाव जिल्हा" एवढ्यावरच थांबले होते; पणजीच्या माहेरचे गाव ठाऊक होते ते माझ्या आत्याला, कारण तिच्या आजीला दिवाळीला माहेरी नेण्यासाठी भाऊ कुठून येत असे आणि वाटेत नदी कोणती लागे, हे तिने लहानपणी ऐकले होते. पणजीचे माहेर पणजोबांच्या गावापासून दोन कोसांवर होते. त्या माहेरच्या गावातल्या वारसा फेरफारात मुलीच्या नावापुढे तिच्या सासरचे गाव लिहिलेले होते, आणि चंदगडच्या कचेरीत पुढचा अर्ज मी सासरच्या त्या गावाच्या नावाने केला.