पणजीच्या ब्लॅकजॅक स्पर्धेला निघण्यापूर्वी

ओळखपत्र, वयाची 21 वर्षे पूर्ण आणि कोकणकन्येचे ठाणे ते करमळी आरक्षण, यांविषयी अधिक लिहीत नाही. सराव नौपाड्यातल्या घरी, चिंचोक्यांवर करावा. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही; 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात न येताच 2023 मध्ये रद्द झाला.

स्पर्धेत प्रत्येकाला सारख्याच चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) मिळतात, डावांची संख्या ठरलेली असते आणि शेवटी ज्याच्याकडे सर्वाधिक चिप्स, तो पुढच्या फेरीत जातो. म्हणजेच झुंज डीलरशी (पत्ते वाटणाऱ्याशी) नसून शेजारी बसलेल्यांशी असते. गेल्या वर्षी हे वाचून गेलो होतो, तरी टेबलावर विसरलो. म्हणून पहिली आणि खरी सूचना: इतरांच्या चिप्स मोजायला शिका.

पायाभूत खेळ पाठ असावा: पत्त्यांची बेरीज 21 ओलांडू न देता डीलरपेक्षा जास्त करायची. एक्का नसलेले 17 किंवा अधिक झाले की थांबावे. 12 ते 16 असताना डीलरचा उघडा पत्ता 2 ते 6 असेल तर थांबावे, 7 किंवा त्याहून मोठा असेल तर पत्ता घ्यावा. अपवाद 12 चा, कारण समोर 2 किंवा 3 असेल तर तिथेही पत्ता घ्यायचा असतो. 11 वर डबल, म्हणजे बेट (लावलेल्या चिप्स) दुप्पट करून एकच पत्ता घ्यावा. एक्के आणि अठ्ठे फोडावेत (जोडीचे दोन वेगळे हात करावेत), दश्शे आणि पंजे कधीही फोडू नयेत. इन्शुरन्स (डीलरचा एक्का दिसला की देऊ केली जाणारी जादा बेट) घेऊ नये, का ते विचारू नये.

आता पुन्हा मोजणीकडे. शेवटच्या डावाआधी माझ्याकडे 1,300 आणि शेजारच्या गृहस्थांकडे 1,150 होते, हे मला नंतर कळले. त्या वेळी त्यांचा ढीग नुसता ‘लहान’ दिसला. कमाल बेट 500 ची होती. बेट आधी लावायची पाळी माझी असताना मी निर्धास्तपणे 50 लावले, त्यांनी माझा ढीग निरखून शांतपणे 250 लावले, डीलर बस्ट झाला (त्याने 21 ओलांडले) आणि 1,350 विरुद्ध 1,400 असा मी बाहेर पडलो. मी 400 लावले असते, तर त्यांनी 500 लावून साध्या विजयाने 1,650 केले असते आणि माझे 1,700 झाले असते. डबल किंवा ब्लॅकजॅकचा (पहिल्या दोन पत्त्यांतच 21) धोका राहिला असता, पण तो पत्करण्याजोगा होता. तेव्हा मोजा. भाचीला जेवणाच्या टेबलावर चिंचोक्यांचे तीन ढीग रचायला सांगा आणि पाच सेकंदांत आकडे सांगा. चुकलात तर पुन्हा. शेवटच्या पाच डावांत प्रत्येक डावाआधी मोजा, शेवटच्या डावाआधी दोनदा मोजा.

बेट आधी कोण लावणार हे बटण (पाळी दाखवणारी चकती) ठरवते आणि ते दर डावाला एक जागा सरकते. शेवटच्या डावात ते कोणापुढे येईल याचा हिशेब आधीच मागे मोजत करावा. आघाडीवर असून शेवटी लावायचे असेल, तर पाठलाग करणाऱ्याइतकीच बेट लावावी. मागे असाल तर त्याच्या उलट, म्हणजे तो मोठी लावेल तेव्हा लहान आणि तो लहान लावेल तेव्हा मोठी.

नियमांचा कागद बसण्यापूर्वी वाचावा: किमान-कमाल बेट, सरेंडर (अर्धी बेट गमावून डाव सोडणे), ब्लॅकजॅकला मोबदला 3:2 की 6:5. पाणी प्यावे. शेवटच्या डावात गरज पडली तर 20 वरही डबल करावे. मोजले ना?

परतीचे तिकीट दुसऱ्याच दिवसाचे काढावे. मी अंतिम फेरी गृहीत धरून तिसऱ्या दिवसाचे काढले होते.