बाइकवर जीपीएस लावताय? मग आधी वायरिंग नीट करा

मांडव, महेश्वर, जाम गेटवरून खाली मंडलेश्वर, या सगळ्या रस्त्यांवर आपल्या इंदूरची बरीच मंडळी आता हँडलवर जीपीएस लावून जातात, आणि ते चांगलंच आहे, कारण सेटमध्ये नकाशा आतच भरलेला असतो त्यामुळे घाटात मोबाईलची रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो. पण त्याला करंट कसा दिलाय ते बघितलं की खरंच काळजी वाटते. हॉर्नची वायर ब्लेडने सोलायची, दुसरी वायर तिच्यावर पिळायची, वरून काळी टेप, आणि फ्यूजचा पत्ता नाही. टाकीखाली अशी वायर घासून फ्रेमला लागली तर काय होईल याचा विचार करा, तिथे वर पेट्रोल आहे.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा, करंट थेट बॅटरीवरून फ्यूजमधून घ्यायचा आणि चावीकडून फक्त हुकूम घ्यायचा. हा हुकूम पोचवायचं काम रिले करतो, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

आधी तुमच्या सेटला किती व्होल्ट लागतात ते बघा, कारण इथेच सेट जळतात. गार्मिन कंपनीच्या जुमोसारखे मोटरसायकलसाठीचे सेट असतात त्यांच्या माउंटची वायर सरळ १२ व्होल्टवर चालते. पण गार्मिनचाच कारसाठीचा न्यूवी किंवा मोबाईल असेल तर त्याला ५ व्होल्टच पाहिजेत. कारच्या चार्जरचा जो जाड प्लग असतो ना, त्याच्या आतच १२ चे ५ करणारं सर्किट असतं, तो प्लग कापून वायर बॅटरीला जोडली की सेट गेला समजा. अशा सेटसाठी वेगळा १२ ते ५ व्होल्टचा वॉटरप्रूफ कन्व्हर्टर घ्या, जेल रोडला मिळतो, फक्त अगदी स्वस्तातला उचलू नका कारण त्याच्या इलेक्ट्रिकल गोंगाटाने कधीकधी जीपीएसचा सिग्नलच कमजोर पडतो. आणि जुना मिनी यूएसबीवाला गार्मिन असेल तर त्याची स्वतःची पॉवर केबल वापरा, साध्या डेटा केबलने त्याला वाटतं आपण कॉम्प्युटरला जोडलोय आणि नकाशा गायब होतो.

हिशोब सोपा आहे. ५ व्होल्टवर २.४ अँपिअर म्हणजे १२ वॉट, कन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं ते धरलं तरी बॅटरीकडून साधारण एक ते सव्वा अँपिअर. म्हणून ३ अँपिअरचा फ्यूज बास. घरात आहे म्हणून १५ चा टाकू नका, फ्यूज वायरला वाचवायला असतो, १५ चा फ्यूज उडेपर्यंत बारीक वायर आधी वितळेल. वायर एक स्क्वेअर एमएमची घ्या, ऑटोवाली, घरातल्या बेलची नको. आणि फ्यूज होल्डर बॅटरीच्या प्लसपासून एक वीतभर अंतरात पाहिजे, कारण फ्यूजच्या आधीचा जेवढा तुकडा आहे तेवढा उघड्यावरच आहे, तो जितका छोटा तितकं बरं.

आता काहीजण म्हणतील एवढा रिले-बिले कशाला, सरळ बॅटरीला जोडू आणि उतरल्यावर जीपीएस काढून घेऊ. पण कन्व्हर्टर रिकामा असला तरी थोडा करंट खातोच. समजा २० मिलीअँपिअर, म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा एएच (अँपिअर-अवर), आणि छोट्या कम्यूटर गाड्यांची बॅटरी असते ३-४ एएचची, तर आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ लागणार नाही. दुसरा शॉर्टकट म्हणजे चावीने चालू होणाऱ्या एखाद्या वायरवरच सगळा लोड टाकायचा, तेही मला पटत नाही, कारण त्या वायरवर आधीच कोणाचातरी लोड आहे आणि बीएस-६ च्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांत चुकून ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, वायरला हात लागला तर खर्च कुठच्या कुठे जातो. रिलेला हुकूम द्यायला मात्र दीडशे-दोनशे मिलीअँपिअर पुरतात, तेवढं ईसीयूची सोडून चावीने चालू होणारी बाकी कोणतीही वायर सहन करते. तुमच्या गाडीत कंपनीने ॲक्सेसरीसाठी वेगळं कनेक्टर दिलं असेल, बऱ्याच नव्या गाड्यांत सीटखाली किंवा हेडलाइटमागे असतं, तर हुकूम तिथूनच घ्या, म्हणजे हार्नेस (गाडीच्या मूळ वायरिंगचा जुडगा) कापायची वेळच येत नाही आणि वॉरंटीची कटकटही नाही.

नसेल तर मल्टिमीटर लावून वायर शोधावी लागेल. चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा १२ च्या आसपास दिसायला पाहिजे आणि चावी ऑफ केली की शून्य. मागच्या ब्रेकच्या स्विचला येणारी एक वायर बहुतेक गाड्यांत अशीच असते, ब्रेक न दाबताही तिच्यावर १२ दिसतात. हेडलाइटच्या वायरच्या नादी लागू नका, बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइट एसीवर चालतो. मीटर हातात आहेच तर इंजिन चालू करून बॅटरीवरही एकदा बघा, थोडी रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजेत. १५ च्या वर जात असेल तर थांबा, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारा) खराब आहे, ते आधी बदला.

आता जोडणी. छोटी ग्वालटोलीत ऑटो पार्ट्सच्या दुकानात चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले मागा, सॉकेटसकट घ्या. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा आणि सगळं झाल्यावर मायनसच शेवटी लावा, कारण फ्रेम मायनसला जोडलेली असते आणि मायनस लावलेला असताना प्लस खोलताना पाना फ्रेमला लागला तर तिथेच शॉर्ट. रिलेवर नंबर छापलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्लस फ्यूजमधून आणा. ८७ वरून कन्व्हर्टरचा प्लस न्या. ८६ वर ती चावीवाली वायर, आणि ८५ मायनसला. कन्व्हर्टरचा मायनसही बॅटरीलाच न्या, फ्रेमच्या बोल्टला रंग आणि गंज असतो त्यामुळे तिथे भरवसा नाही. जुमोसारखा १२ व्होल्टवाला सेट असेल तर कन्व्हर्टरच्या जागी त्याची वायर, बाकी सगळं तेच. बॅटरीच्या टोकांना थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल) क्रिम्प करून, म्हणजे पक्कडने दाबून, लावा, वरून हीट श्रिंक स्लीव. वायर न कापता दाबून टोचणारे ते निळे-लाल क्लिप कनेक्टर येतात ते बाइकवर मला बिलकुल नको वाटतात, हादऱ्याने आतली तार एकेक करून तुटते आणि पावसात तिथेच हिरवा गंज चढतो.

वायर मेन हार्नेसच्या सोबतीने टाकीखालून पुढे न्या, इंजिनच्या हेडपासून लांब, आणि केबल टायने बांधा पण हँडलच्या मानेपाशी ढील ठेवा. मग हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवून बघा कुठे ताण येतो का, आणि हेच इंजिन आयडलवर ठेवून परत करा. हँडल वळवताना रेस वाढली तर तुमची वायर ॲक्सिलरेटर केबलला ओढतेय, तशी गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. सेटमध्ये शिरण्याआधी वायर खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे म्हणजे पावसाचं पाणी त्या झोक्यातून टपकून जातं, पोर्टमध्ये जात नाही. सेटवर आयपीएक्स ७ हे वॉटरप्रूफचं रेटिंग लिहिलं असलं तरी ते एक मीटर पाण्यात अर्धा तास याबद्दल आहे, चार्जिंगचं झाकण उघडं ठेवून मालव्याच्या पावसात दोन तास चालवण्याबद्दल नाही.

माउंटसाठी आधी हँडलची जाडी मोजा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना २२ एमएम, काही क्रूझरना २५.४, आणि जाड बार असेल तर मधल्या भागात २८.६. यू-बोल्टचा मेटल बेस आणि रबरी बॉलवाला माउंट घ्या, व्हॅक्यूमचा कप बाइकवर कधीच नको. मधला आर्म जितका छोटा मिळेल तितका घ्या, लांब आर्मवर सेट जास्त थरथरतो. यू-बोल्टचे दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्याने न सुटणारे) वापरा, सियागंजला सुटे मिळतात. थ्रेडलॉकर (नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावायचा तर निळा, आणि फक्त धातूवर धातू असेल तिथेच, कारण प्लॅस्टिकला तो लागला तर प्लॅस्टिक तडकतं. आवळून झालं की माउंट धरून हलवा, हँडल वळलं पाहिजे पण माउंट जागचा सरकता कामा नये. स्कूटरवर आरशाच्या दांडीला लावता येतं पण तिथे हादरे जास्त बसतात. मोबाईल लावणाऱ्यांनी तर हादरे झेलणारा डँपर घ्यायलाच पाहिजे, मोटरसायकलच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय.

सेट स्पीडोमीटर झाकणार नाही पण नजर फार खाली न्यावी लागणार नाही अशा जागी ठेवा. रूट बघायला उपकरण चालतं हे २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमातच आहे, पण लक्ष विचलित न होता. म्हणजे पत्ता टाकायचा तर गाडी बाजूला घेऊनच. आणि एक बारीक दोरी सेटपासून हँडलला बांधा, माउंट सुटला तरी सेट रस्त्यावर पडून मागच्या गाडीखाली जाणार नाही. राजवाडा, सराफ्याला गाडी लावली की सेट खिशात घेऊन जा, म्हणून क्विक रिलीजवाला माउंट घ्या, दरवेळी ॲलन की काढायचा कंटाळा आला की माणूस सेट तिथेच सोडून जातो.

पहिली फेरी लांब नको. खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जा, तिथे थांबून रिले, फ्यूज होल्डर आणि कन्व्हर्टरला हात लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर क्रिम्प ढिली आहे किंवा वायर बारीक आहे, तसं भेरूघाटात उतरू नका, मायनस काढा आणि परत करा. सगळे नट तिथेच एकदा आवळा, शे-दीडशे किलोमीटरनंतर परत एकदा, आणि ३ अँपिअरचे दोन फ्यूज टूलकिटमध्ये टाकून ठेवा.