लॉनचे स्प्रिंकलर: पावसाळा संपला की एक रविवार द्या

जून ते सप्टेंबर स्प्रिंकलरकडे कोणी ढुंकून बघत नाही, गरजही नसते, आणि मग ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की टायमर चालू होतो आणि दोन आठवड्यांत लॉनवर पिवळे चट्टे. मग सगळे काय करतात, तर १० मिनिटांची १५ मिनिटं करतात. आम्हीही तेच केलं, दोन वर्षं मी आणि आमचे माळीकाका नुसती मिनिटं वाढवत होतो, त्यातून झालं काय तर गेटजवळ चिखल आणि शेवाळ, आणि कंपाउंडच्या कडेला गवत पापडासारखं कडक. पाणी कमी नव्हतंच हो, ते सारखं पसरत नव्हतं. म्हणून मिनिटांना हात सगळ्यात शेवटी लावायचा.

आधी दिवसाउजेडी एकेक लाइन (एका व्हॉल्व्हवर चालणारा पाइप आणि त्यावरचे सगळे फवारे) दोन-तीन मिनिटं चालू करा आणि चप्पल काढून लॉनमध्ये फिरा. कुठला हेड, म्हणजे जमिनीतून वर येणारा फवारा, वरच येत नाही, कुठला वर आला की खाली बसत नाही, कुठला तिरका होऊन भिंतीला आंघोळ घालतोय, सगळं दिसतं. जिथे बिघाड तिथे झेंडा म्हणून आईस्क्रीमची काडी खोचून ठेवा, नाहीतर पाणी बंद केल्यावर हेड सापडत नाही. पावसाळ्यात मेक्सिकन गवत इतकं माजतं की अर्धे हेड त्याच्या खालीच गाडलेले असतात, तिथे खुरप्याने वीतभर गोल मोकळा करायचा. हेडचं तोंड जमिनीच्या लेव्हलला पाहिजे. खाली गेलं तर माती आत जाते आणि वर राहिलं तर गवत कापायचं मशीन त्याचं डोकं उडवतं.

मग फिल्टर. आमच्यासारखं बोअरचं पाणी असेल तर निम्मे प्रॉब्लेम इथेच असतात. डिस्क फिल्टर असेल तर पंप बंद करून झाकण उघडा, चकत्या सुट्या करून बादलीत जुन्या ब्रशने घासा. फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन प्रेशर गेज असतील तर फार बरं, दोन्हींमधला फरक अर्ध्या किलोपर्यंत (गेजवरचे kg/cm²) गेला की फिल्टर तुंबला समजायचं.

फिल्टर साफ झाला की लगेच नोझल (हेडच्या टोकाची पाणी फवारणारी तोटी) धुवायला बसू नका, आधी लाइन धुवायची. लाइनच्या सगळ्यात शेवटच्या हेडचं नोझल काढा आणि पाणी सोडा, आधी लालसर गढूळ येईल, बारीक वाळू येईल, स्वच्छ यायला लागलं की बंद. हे न करता नोझल धुतले तर तीच वाळू परत त्यात जाऊन बसते, माझा एक अख्खा रविवार असा वाया गेलाय.

नोझल काढताना आतली दांडी वर ओढून घट्ट धरावी लागते, स्प्रिंग जोरात खाली खेचते, दोघं असाल तर सोपं. स्प्रे टाइप हेडमध्ये नोझलच्या खाली छोटी जाळी असते, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते, ती काढून टूथब्रशने घासा. नोझलवर पांढरा थर असेल तर तो क्षार, घासून निघत नाही. किराण्यात लिंबूसत्व मिळतं ना, तेच सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे टाकून तासभर भिजवा, मग ब्रश मारला की निघतो. सुई किंवा टाचणी घालून भोक मोकळं करायचं नाही म्हणजे नाही! भोक जरा जरी वाकडं झालं तरी फवारा कायमचा एका बाजूला जातो.

पाणी धुक्यासारखं उडत असेल तर प्रेशर जास्त आहे, स्प्रे हेडला साधारण २ किलो पुरतं. हेडच्या बुडाशी बुडबुडे येत असतील तर आतलं सील गेलंय, जुना हेड असेल तर सरळ बदलून टाका.

प्रत्येक लाइनचं पाणी चालू-बंद करणारे व्हॉल्व्ह जमिनीतल्या ज्या पेटीत असतात त्या व्हॉल्व्ह बॉक्सचं झाकण हाताने उचलू नका, काठीने उचला, आमच्यात बेडूक तर कायमचे भाडेकरू आहेत पण एकदा विंचूही निघालाय. टायमर बंद असूनही एखादी लाइन ठिबकत राहते तेव्हा बहुतेक वेळा डायफ्रामखाली (व्हॉल्व्हमधल्या रबरी पडद्याखाली) वाळूचा कण अडकलेला असतो. मेन कॉक बंद करा, स्क्रू काढा, रबर उचलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा (उलटं बसवलं की पुन्हा सगळं खोला), धुऊन परत बसवा. आणि सगळ्यात खालचा एकच हेड बंद केल्यावर थोडा वेळ गळत असेल तर व्हॉल्व्ह बिचारा ठीक असतो, ते पाइपातलं उरलेलं पाणी उताराने येतं.

लाइन चालूच होत नसेल तर वायरचे जोड बघा, पावसाळ्यात नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड हमखास गंजतो, जेल भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर लावा. सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) साधारण २४ व्होल्टच येतात, तरी कंट्रोलरचा, म्हणजे टायमरचा, प्लग काढूनच हात घाला.

आता मिनिटं. सरळ बाजूचे सारखे सात-आठ डबे लॉनवर पसरून ठेवा, १५ मिनिटं लाइन चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. एका डब्यात १० मिलिमीटर आणि दुसऱ्यात ४ असेल तर अजून कुठेतरी नोझल किंवा अंतर चुकतंय, परत जा. सगळीकडे जवळपास सारखं आलं की हिशोब सोपा, १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला १ लिटर. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात रोज ५-६ मिलिमीटर धरा, म्हणजे १०० चौरस मीटरला ५००-६०० लिटर, थंडीत बरंच कमी. पाणी पहाटे द्या, दुपारी अर्धं वाऱ्यावर जातं. आणि फिरणारे रोटर आणि साधे स्प्रे एकाच लाइनवर असतील तर डब्यांचा हिशोब कधीच जुळणार नाही, कारण रोटर तेवढ्याच वेळात निम्म्याहूनही कमी पाणी टाकतो, तिथे प्लंबर बोलवून लाइन वेगळी करून घ्या.

जूनमध्ये कंट्रोलर बंद केलात तरी महिन्यातून एकदा प्रत्येक लाइन दोन मिनिटं चालवा, नाहीतर हेडमध्ये मुंग्या घर करतात.